आधी छताचं बघा

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी, साडेबाराच्या थोडं आधी, सोलापुरात उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शहराचा अक्षांश सुमारे १७.७ अंश उत्तर. सूर्य नेमका त्या रेषेवर येतो तो हा दिवस. ऑगस्टच्या सुरुवातीला तो परतीच्या वाटेवर पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. खगोलप्रेमी मंडळी मे महिन्यातल्या या शून्य सावलीचे फोटो काढतात. घर बांधायला निघालेल्या माणसाने मात्र त्यातून एक हिशेब काढायला हवा. ऐन उन्हाळ्यात भर दुपारचं ऊन भिंतींवर फारसं पडतच नाही. ते जवळपास सगळं छतावर पडतं.

पर्यावरणपूरक घराच्या जाहिरातींत छत क्वचितच दिसतं. तिथे असते हिरवळ, बाल्कनीतली झुडपं, दुहेरी काचा, आणि हल्ली मोबाइलवरून चालणारे दिवे. सोलापूरकराने ही यादी बाजूला ठेवावी. राष्ट्रीय इमारत संहितेने देशाचे हवामानानुसार पाच विभाग पाडले आहेत. मुंबई उष्ण-दमट विभागात येते, सोलापूर उष्ण-कोरड्या. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, पण पहाटे तो २५-२६ पर्यंत उतरतो. हवेत दुपारी ओलावा नावालाच असतो. दिवस-रात्रीतला हा पंधरा-सोळा अंशांचा फरक आणि कोरडी हवा ही इथल्या घराची खरी भांडवलं. मुंबई-पुण्याच्या प्लॅनची नक्कल करून पश्चिमेला मोठ्या काचा लावणारा माणूस ही दोन्ही भांडवलं पाण्यात घालतो.

आता छत. आज सोलापुरात नव्या घरावर साधारण पाच-सहा इंचांचा काँक्रीटचा स्लॅब असतो. त्यावर वॉटरप्रूफिंग झालं तर झालं, नाहीतर तो तसाच करडा पडून राहतो. करडा जुना स्लॅब त्याच्यावर पडणाऱ्या उन्हाचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा परत पाठवतो, उरलेलं पोटात घेतो. दुपारी तापलेल्या या स्लॅबची उष्णता खाली उतरायला चारेक तास लागतात. म्हणजे माणसं कामावरून घरी येतात, पोरं अभ्यासाला बसतात, नेमक्या त्या वेळी छत तव्यासारखं तापलेलं असतं आणि पंखा तीच गरम हवा खाली ढकलत राहतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा आहे: आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरमागे १.२ वॅट. उघडा स्लॅब याच्या तिपटीच्या आसपास उष्णता आत सोडतो. पण ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. सोलापुरातली गुंठा-दीड गुंठ्यावरची घरं तिच्या कक्षेतच येत नाहीत, आणि सगळ्यात जास्त तापतात ती हीच.

जुन्या लोकांना हे कोणत्याही संहितेशिवाय ठाऊक होतं. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट या भागात अजून काही माळवदाची घरं उभी आहेत. दगड-मातीच्या दोन-दोन फुटी भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर सर, त्यावर फळ्या किंवा काटक्यांचा थर, आणि त्याच्यावर फूटभर माती. ही माती शेतातली काळी नव्हे, जुन्या गावठाणातली पांढरी. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते; पांढरी तशी वागत नाही, म्हणून पाणी अडवायला तीच लागे. उजेडासाठी छतात एक भोक असे, त्याला साणं म्हणत. फूटभर मातीतून उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होई, आणि तोवर घरातली माणसं वर माळवदावर अंथरुणं टाकून झोपलेली असत. दर पावसाळ्याआधी नवी पांढरी टाकायची, गवत उपटायचं, उतार सारखा करायचा, हे काम चुकत नसे.

या घरांबद्दल हल्ली फार गोडगोड लिहिलं जातं. ते वाचताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरून चालत नाही. किल्लारीचा भूकंप चार वाजायला काही मिनिटं असताना झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. हादरा प्रचंड मोठा नव्हता. माणसं मेली ती मुख्यतः घरांमुळे. चिखलात रचलेल्या जाड भिंतींचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर असत, त्यांना एकमेकांशी बांधणारे आरपार दगड नसत. हादऱ्याने थर सुटले आणि वरची टनावारी माती झोपलेल्या लोकांवर आली. सोलापूर जिल्ह्यालाही तो धक्का जाणवला होता. त्यानंतर या सगळ्या पट्ट्यात लोकांनी माळवद सोडलं आणि पत्रा किंवा स्लॅब धरला. भीती खरी होती, निर्णयही समजण्यासारखा होता. पण माती टाकून देताना तिच्याबरोबर गारवाही गेला, आणि त्याची भरपाई करायची कशी हे कोणी सांगितलं नाही. तेव्हा प्रश्न माळवद परत आणण्याचा नाही. स्लॅबच्या मजबुतीला माळवदाचा गारवा कसा जोडायचा, हा आहे.

सर्वांत स्वस्त उत्तर चुन्याचं आहे. गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन-तीन हात दिले की तीच गच्ची ऊन पोटात घेण्याऐवजी सत्तर टक्क्यांपर्यंत परत पाठवते. खोलीच्या तापमानात साधारण दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. तो छताची जाडी आणि खोलीची उंची यांवर अवलंबून असतो. चुना टिकावा म्हणून त्यात पांढरं सिमेंट किंवा डिंकासारखं चिकट द्रव्य मिसळतात. अहमदाबादेत २०१० च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचं काम त्याला जोडलं गेलं. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. ते राज्य सोलापूरला परकं नाही. शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. हैदराबादेत जे धोरण म्हणून आलं, ते साखर पेठेत किंवा अशोक चौकात येत्या उन्हाळ्याआधी व्हायला कोणाच्या सहीची गरज नाही.

थोडा जास्त खर्च झेपत असेल तर वीटतुकड्यांचा कोबा करावा. गळती थांबवण्यासाठी सोलापूरचे गवंडी तो करतातच. त्याच्या चार-पाच इंचांमुळे उष्णताही अडते हे मात्र घरमालकाला कोणी सांगत नाही. कोब्यावर पांढऱ्या फुटक्या फरशांचे तुकडे बसवले, म्हणजे ज्याला गवंडी चायना मोझॅक म्हणतात तो केला, तर दरवर्षीच्या चुन्याचीही कटकट नाही. नवं घर बांधणाऱ्याला आणखी एक वाट आहे. लॉरी बेकर या केरळात स्थायिक झालेल्या वास्तुरचनाकाराने ‘फिलर स्लॅब’ लोकप्रिय केला. स्लॅबच्या खालच्या भागातलं सगळंच काँक्रीट भार पेलत नाही, तिथे ताण घेतात त्या सळया. म्हणून त्या जागी कौलं बसवायची. सिमेंट वाचतं, कौलांमधल्या हवेमुळे उष्णता अडते, आणि खालून नक्षी दिसते ती वेगळीच. फक्त हे काम अंदाजाने करायचं नसतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरने सळयांचं गणित करून द्यावं लागतं.

पत्र्याच्या घराची गोष्ट वेगळी आणि वाईट. पत्र्याला जाडीच नाही, त्यामुळे ऊन आणि खोली यांच्यात वेळेचं अंतरच पडत नाही. खेड्यात लोक पत्र्यावर कडबा किंवा उसाचं पाचट पसरतात. उपाय चांगला आहे, पण वाळला कडबा आणि चुलीची ठिणगी यांचं सख्य सगळ्यांना माहीत आहे. शहरात त्यापेक्षा वरून चुना आणि खालून बांबूच्या चटईचं किंवा जुन्या गोधड्यांचं अस्तर, मध्ये वीतभर हवा खेळती, हे बरं.

कोणी म्हणेल, दोन-चार अंशांसाठी एवढा खटाटोप कशाला? याचं उत्तर शहराजवळच्या कुंभारीला मिळतं. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांची मोठी संख्या आहे. त्यांच्यासाठी माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारी शिवारात गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तिचं उद्‌घाटन झालं. त्यानंतर त्याच भागात असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचं रे नगर आलं. त्यातली १५ हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी ताब्यात देण्यात आली. घर साधारण ३०० चौरस फुटांचं. एवढ्या मोठ्या संख्येने कामगारांनी स्वतःची पक्की घरं मिळवणं ही देशात विरळ गोष्ट आहे. पण या वसाहतींमध्ये घर म्हणजे कारखानाही असतो. मांडीवर सूप घेऊन बाई दिवसभर घरातच विड्या वळते, शिलाई करते. सुपातली तंबाखू उडू नये म्हणून पंखाही जपूनच लावावा लागतो. दुपारी कचेरीच्या एसीत बसणाऱ्याला तापलेलं घर संध्याकाळी भेटतं. हिला ते दिवसभर भेटतं, आणि मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. अशा वसाहतीत वरच्या मजल्यांची छतं पांढरी करणं ही हौस नव्हे. कामाची जागा सुसह्य करण्याचा हा खर्च आहे, आणि घरबांधणीच्या एकूण रकमेत तो फार मोठाही नाही.

छतानंतर नंबर पश्चिमेच्या भिंतीचा. दुपारी तीन ते सहा ऊन तिरपं होतं आणि सरळ याच भिंतीवर येतं. छज्जा इथे कुचकामी, कारण सूर्य खाली उतरलेला असतो. तेव्हा पश्चिमेला जिना, न्हाणीघर, अडगळीची खोली अशा ज्यात बसायचं नसतं त्या जागा ढकलाव्यात, खिडक्या लहान ठेवाव्यात, नाहीतर बाहेरून चिकाचा पडदा सोडावा. पडदा आतून लावला तर ऊन काच ओलांडून घरात येऊन गेलेलं असतं. दक्षिणेची बाजू मात्र सोपी आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४९ अंशांवर असतो, मे-जूनमध्ये जवळपास डोक्यावर. म्हणून दोन फुटी छज्जा उन्हाळ्यातलं ऊन रोखतो आणि हिवाळ्यातलं कोवळं ऊन आत येऊ देतो.

इथे वास्तुशास्त्राशी गाठ पडते. मालकाची झोपण्याची खोली नैऋत्येला हवी, असा त्याचा दंडक. सोलापुरात दक्षिण-पश्चिमेचा तो कोपरा संध्याकाळी घरातला सर्वांत तापलेला असतो. ज्याला दंडक पाळायचाच असेल त्याने निदान त्या कोपऱ्याला दुहेरी भिंत किंवा हवेच्या पोकळ्यांचे हलके एएसी ब्लॉक वापरावेत, आणि बाहेर कडुलिंब लावावा.

पहाटेचे पंचवीस अंश फुकट मिळतात, पण ते घरात घ्यावे लागतात. रात्री नऊनंतर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, सकाळी आठ-साडेआठला बंद करायच्या आणि दिवसभर उघडायच्या नाहीत. भिंती आणि शहाबादी फरशी रात्रभर गार होतात आणि दुपारपर्यंत पुरतात. या साध्या गोष्टीला तीन अडथळे आहेत: चोर, डास आणि धूळ. गज आणि जाळी यांवर होणारा खर्च म्हणूनच गारव्यावरचा खर्च समजावा. डासांचं एक कारण तर सोलापूरच्या नळातच आहे. पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. लोक पिंपं, हौद, टाक्या भरून ठेवतात आणि उघड्या साठ्यात डेंग्यूचे डास वाढतात. टाकीला घट्ट झाकण नसेल तर खिडकी उघडण्याची हिंमत होत नाही. शेवटी पंखा आणि एसी.

कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता घेते, वाळ्याच्या ताट्यांचंही तत्त्व हेच. कूलरला दीडशे-दोनशे वॅट पुरतात, दीड टनी एसीला चालू असताना त्याच्या सहा-सातपट. पण कूलरची टाकी दिवसातून एकदा-दोनदा भरावी लागते, आणि सोलापुरात पाणी मोजून वापरावं लागतं. मग एसी बरा म्हणावा का? नाही, कारण एसीही पाणी पितो, फक्त ते दिसत नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा कोळशावरचा वीजप्रकल्प आहे. अशा प्रकल्पाला एका युनिटमागे सुमारे तीन लिटर पाणी लागतं, आणि या प्रकल्पाला ते उजनी धरणातून मिळतं, म्हणजे शंभरेक किलोमीटरवरून सोलापूरकरांच्या नळाला येतं तिथूनच. रात्रभरात एसीने दहा युनिटं खाल्ली तर उजनीचं तीस लिटर पाणी गेलं, शिवाय कोळसा. म्हणून क्रम असा: आधी छत, मग रात्रीची हवा, मग कमी विजेचा पंखा, जो ७५ वॅटऐवजी तीसेक वॅटमध्ये चालतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर सावलीत ठेवलेला कूलर.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर गच्चीचा दुसरा उपयोग. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांची गच्ची आणि वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला, वाया जाणारं वजा केलं, तरी ४४ हजार लिटरच्या आसपास पाणी मिळतं. माणशी १३५ लिटर या शासकीय हिशेबाने पाच जणांच्या घराला ते दोन महिने पुरेल. एवढी टाकी कोणी बांधत नाही. पाच-सात हजार लिटर साठवावं आणि उरलेलं गाळून बोअरच्या पुनर्भरणाला द्यावं. सोलापूरच्या खाली दख्खनचा काळा पाषाण आहे. तो पाणी शोषत नाही, ते फक्त त्याच्या भेगांमध्ये राहतं. त्यामुळे शेजारच्या बोअरला पाणी असून आपला कोरडा, हे इथे नेहमीचं.

पुनर्भरणाच्या उत्साहात एक चूक हमखास होते. शोषखड्डा घराच्या पायाला खेटून घेतला जातो. ज्या प्लॉटखाली काळी माती आहे तिथे हे भिंतींना तडे पाडण्याचं आमंत्रण आहे, कारण ती माती भिजून फुगते आणि पाया उचलते. खड्डा पायापासून लांब आणि मुरुमापर्यंत खोल हवा. भिंतीलगतच्या वाफ्यांनाही हाच नियम. न्हाणीघराचं सांडपाणी पपई, केळी, कर्दळीला द्यावं, पण तेही कुंपणाच्या कडेला.

झाडांचंही थोडं तारतम्य हवं. सोलापूरचा मूळ स्वभाव माळरानाचा. शहराजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं ते इथल्या गवताळ माळांमुळेच. घराच्या पश्चिमेला कडुलिंब, करंज, बहावा यांतलं एखादं झाड लाखमोलाचं, पण पाणी पिणारी विलायती हिरवळ अंगणात लावून तिला टँकरने जगवणं हा पर्यावरणाच्या नावाखाली केलेला थाट आहे.

बांधकामाच्या मालातही जवळचं ते चांगलं. शहाबाद सोलापूर-वाडी रेल्वेमार्गालगतच आहे. तिथली फरशी पायाला गार लागते आणि राजस्थान-गुजरातेतून येणाऱ्या चकचकीत टाइल्सइतका प्रवास करत नाही. एनटीपीसीची राखही जवळच आहे. आपल्याकडच्या कोळशात शंभर किलोमागे तीस-चाळीस किलो राखच निघते. तिच्या विटांना शेतातली माती लागत नाही आणि भट्टीही लागत नाही. औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरात राखेच्या विटा वापरण्याचा नियम १९९९ पासून आहे, पुढे त्याची हद्द वाढत ३०० किलोमीटरवर गेली. गवंड्याने ‘या विटा पाणी धरतात’ म्हटलं तर घाबरू नये. चांगल्या कारखान्याची, नीट पाणी मारून पिकवलेली वीट घ्यावी आणि दोन विटा एकमेकींवर आपटून आवाज ऐकावा.

सौरऊर्जा मुद्दामच शेवटी घेतली. सोलापूरला ऊन मुबलक. एक किलोवॅटच्या संचातून दिवसाला सरासरी चार युनिटं निघतात आणि त्याला शंभरेक चौरस फूट जागा लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. पण आधी तापणारं घर बांधायचं, मग ते गार करायला एसी घ्यायचा आणि एसीसाठी पॅनेल लावायचे, हा उलटा प्रवास आहे. छत नीट असेल तर पाच किलोवॅटचं काम दोनमध्ये भागू शकतं. पॅनेल बसवताना सांगाडा सात-आठ फूट उंच घ्यावा. खाली सावली पडते, कुरडया-पापडांची वाळवणं कडेला घालता येतात आणि उन्हाळ्यात झोपायलाही जागा राहते.

ज्यांना यंदा यातलं एकच काम जमणार आहे त्यांनी फेब्रुवारीअखेर गच्ची झाडून, धुऊन, दोन दिवस वाळवून चुना द्यावा. पहिला हात पातळ, दुसरा त्याच्यावर आडवा. पावसाळ्यात तो काही अंशी धुपेल, पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा द्यावा लागेल. गच्चीचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडा. त्यात चुना उतरलेला असतो.